पलटणीतून धक्क्यावर आलेली शिट्टी

मी एक जुनी शिट्टी आहे. जुनी म्हणजे इतकी जुनी, की मला घडवणाऱ्या कारागिराच्या नातवंडांचीही नातवंडे आज म्हातारी झाली असतील. पण मित्रांनो, माझा आवाज अजून तरुण आहे. ही फुशारकी नाही. बरे, थोडी आहे. पण एवढे आयुष्य काढल्यावर तेवढी शोभते.

माझा जन्म एका चांदीकाम करणाऱ्याच्या अरुंद खोलीत झाला. त्याने चांदीचा पातळ पत्रा वळवून माझी नळी केली, तिचा सांधा डाग देऊन जोडला आणि माझ्या तोंडाशी एक बारीक फट कापली. मग मला ओठांशी धरून फुंकर मारली. आवाज आला, पण फाटका. त्याने मान हलवली, कानशीने फट जराशी रुंद केली, पुन्हा फुंकर मारली. पुन्हा मान हलवली. असे किती वेळा झाले, ते मी मोजले नाही. अखेर माझ्यातून एक सरळ, तीक्ष्ण, लांब जाणारा सूर निघाला, तेव्हा तो मागे वळून बायकोला म्हणाला, "घे, बोलली एकदाची!" त्याने माझ्या अंगावर बिगुलाचे एक चिमुकले चित्र कोरले, चांदी खरी असल्याचा छाप उठवला आणि मला मऊ कापडात गुंडाळले.

त्या काळी ब्रिटिश सैन्यात काही रायफलवाल्या पलटणी होत्या. त्यांचा पोशाख लाल नसे. जवळजवळ काळा वाटावा असा गर्द हिरवा असे. त्यांचे अधिकारी खांद्यावरून छातीवर तिरपा असा काळ्या चामड्याचा पट्टा घालत. पट्ट्यावर चांदीचा सिंहाचा मुखवटा, सिंहाच्या तोंडातून लोंबणारी साखळी आणि साखळीच्या टोकाला शिट्टी. ती शिट्टी मी.

माझा अधिकारी एक तरुण लेफ्टनंट होता. तो स्वभावाने अबोल होता. त्याच्या वाटचे बोलणे बरेचसे मीच करायची. आणि माझी बडदास्त ठेवायचा त्याचा अर्दली, म्हणजे दिमतीचा शिपाई. हा अर्दली दूरच्या एका नदीमुखावरून पलटणीत आलेला, नावाड्यांच्या घरातला होता. रोज सकाळी तो खडूची भुकटी घेऊन मला असा घासायचा, की माझ्यात त्याला स्वतःच्या मिशा दिसाव्यात. त्या घासण्यापायी माझ्यावरचा बिगुल एका बाजूने झिजला. पण तेव्हा मला त्याचे काहीच वाटले नाही. चकाकण्याची नशा असते, मित्रांनो.

मी लढाईही पाहिली. तिचे वर्णन मी करणार नाही. एवढेच सांगते की तिथे माझ्या भोवती सगळेजण मारत होते आणि मीही मारली. पण मी मारली ती फक्त हाक. धुरात पांगलेली माणसे माझ्या आवाजावर परत एकत्र यायची. शेवटच्या लढाईत लेफ्टनंट पायाला गोळी लागून एका चरात पडला. ओरडण्याइतके त्राण त्याच्यात उरले नव्हते. पण मला फुंकायला फार दम लागत नाही. तो थांबून थांबून मला फुंकत राहिला आणि अर्दली माझ्या आवाजाचा माग काढत चरापर्यंत पोहोचला. त्याने साहेबाला पाठीवर घेतले.

पुढे लेफ्टनंट सैन्य सोडून घरी निघाला, तेव्हा त्याने मला साखळीपासून सोडवून अर्दलीच्या हातात ठेवले. म्हणाला, "हिनं हाक मारली आणि तू आलास. म्हणून मी घरी चाललोय. ही तुझी."

पट्टा आणि सिंह साहेबाबरोबर गेले. मी अर्दलीच्या खिशात बसून त्याच्या गावी आले.

ते गाव नदीच्या मुखाशी होते. तिथे नदी इतकी रुंद, की पलीकडचा माणूस मुंगीएवढा दिसे. खाली जिथे नदी समुद्राला मिळते, तिथे काळे खडक. ओहोटी लागली की पाणी सगळे त्या खडकांकडे धाव घेई. अर्दलीने आपल्या बापाची नाव चालवायला घेतली, आणि मला दुसरी नोकरी लागली. धुके पडले की धक्क्यावर कोणीतरी उभे राहून मला फुंकायचे. एक लांब, दोन आखूड. त्याचा अर्थ, 'धक्का इकडे आहे, इकडे या.' नाव पाण्यात कुठेही असो, ती त्या आवाजाकडे वळायची.

अर्दलीनंतर त्याच्या मुलाने मला फुंकले, मग नातवाने. हा नातू म्हणजे आबा. तोवर नाव जाऊन इंजिनाची लाँच आली होती. आबांना मुलगा नव्हता, एक मुलगी होती. तिने लहानपणीच लाँचचे चाक हातात धरले आणि ते सोडलेच नाही. काठावरचे सगळे तिला ताई म्हणत. ताई लाँच चालवायच्या आणि आबा धक्क्यावर तिकिटे द्यायचे. धुके आले की तिकिटे बाजूला ठेवायची आणि मला उचलायचे. दोन्ही काठांवर माझा मान होता. "शिट्टी आहे तोवर चिंता नाही," असे लोक म्हणत, आणि मी आतल्या आत फुलून जात असे.

पण सगळे दिवस सारखे नसतात. एके दिवशी फेरी चालवणाऱ्या मंडळाने धक्क्यावर विजेचा भोंगा बसवला. भाषणे झाली, टाळ्या झाल्या. भोंगा खरेच दमदार होता. तो वाजला की धक्क्यावरची कबुतरे उडून जायची आणि झोपलेली कुत्री उठून बसायची. त्याची निंदा मी करणार नाही. पण तो आला आणि मी तिकिटाच्या खोलीत एका खिळ्याला लटकले, ती लटकलेच. खारा वारा लागून मी काळी पडले. एका कुंभारीण माशीने माझे तोंड पाहिले, तिला जागा पसंत पडली आणि तिने चिखल आणून तिथे घर बांधले. थोडक्यात, माझी बोलती बंद झाली.

किती पावसाळे गेले कोण जाणे! आबांना दमा जडला. ताईंच्या केसांत पांढरे दिसू लागले. आणि मग एके सकाळी खिडकीशी तिकीट घ्यायला एक उंच, सडपातळ गृहस्थ आले. त्यांनी सुटे पैसे पुढे केले आणि तसाच हात पुढे धरून ते माझ्याकडे बघत राहिले. मागचे लोक ओरडू लागले. लाँच सुटून गेली. गृहस्थ तिथेच.

"अहो, लाँच गेली तुमची," आबा म्हणाले.

"जाऊ दे. ती खिळ्याला लटकलेली वस्तू मला जरा बघू द्याल का?"

हे दातांचे डॉक्टर. पलीकडच्या काठावर त्यांचा दवाखाना होता, पण आता तो मुलीवर सोपवून ते आपल्या छंदात बुडाले होते. छंद कसला, तर जुन्या ब्रिटिश पलटणींच्या पोशाखावरच्या वस्तू जमवायच्या. बिल्ले, बक्कले, बटणे, खांद्यावरच्या झालरी, टोप्यांवरचे तुरे. घरातली कपाटे भरली, मग पलंगाखालची जागा भरली. त्यांच्या पत्नी सगळ्यांना सांगायच्या, "आमच्याकडे पाहुण्याला टेकायला खुर्ची नाही, पण कुठल्या कोण साहेबाच्या बक्कलाला मात्र मखमलीची गादी!"

डॉक्टरांनी खिशातून पांढरे हातमोजे काढून चढवले. मला असे उचलले जसे काही मी नुकते अंड्यातून निघालेले पिल्लू आहे. झिजलेला बिगुल त्यांनी भिंगातून पाहिला, छाप पाहिला आणि पुन्हा बिगुल पाहिला. रायफलवाल्या अधिकाऱ्याचा एक पूर्ण पट्टा त्यांच्याकडे होता. सिंह होता, साखळी होती. साखळीच्या टोकाला काही नव्हते.

तेवढ्यात ताई दुसरी फेरी करून आल्या. डॉक्टरांनी लगेच विषय काढला. ताईंनी लगेच मोडता घातला.

"पणजोबांची वस्तू आहे ती. विकायची नाही."

"मग विकू नका. पण हिच्या तोंडात माशीनं घर केलंय. तेवढं तरी मला काढू द्या."

तेवढे ताईंनी कबूल केले. डॉक्टर दुसऱ्या दिवशी आले ते दवाखान्यातली हत्यारे घेऊन. दांडीचा इवलासा आरसा, आकड्या, मऊ कुंचले. तिकिटाच्या खोलीतल्या बाकावर पांढरे फडके अंथरून त्यांनी मला आडवे केले, आरसा माझ्या तोंडात घातला आणि सवयीने म्हणाले, "आ करा." आबा इतके हसले, की त्यांना खोकल्याची उबळ आली.

पण काय हात होता त्यांचा! चिखल भिजवून, कण कण करून त्यांनी काढला. माझ्या फटीला कुठे ओरखडा उठू दिला नाही. मग कोमट पाण्याने धुऊन, पुसून, वाळवून त्यांनी मला ताईंच्या हातात दिले. ताई राखेचे डबडे घेऊन पुढे आल्या. "आता घासून लख्ख करते."

"नको, नको!" डॉक्टर जवळजवळ ओरडले. "आधीच घासून घासून अर्धा बिगुल गेलाय. हा काळपटपणा म्हणजे मळ नव्हे, ताई. म्हातारपणाचा रंग आहे तो. राहू द्या."

"बरं. मग वाजवून तरी बघू." ताईंनी मला ओठांपाशी नेले.

"अहो, तोंड लावू नका! इतकी जुनी वस्तू!"

"डॉक्टर, शिट्टी आहे ती. तोंड नाही लावायचं तर काय कान लावायचा?"

पण डॉक्टरांचा चेहरा इतका कळवळलेला होता, की ताईंनी हसून मला खाली ठेवले. त्यामुळे मला पुन्हा बोलता येते की नाही, हे कोणालाच कळले नाही. मलाही नाही.

त्यानंतर डॉक्टर येतच राहिले. कधी आबांसाठी औषध आणायचे, कधी ताईंच्या दुखऱ्या दाढेकडे बघायचे. एकदा त्यांनी तो पट्टा आणला आणि मला त्या साखळीला अडकवून पाहिले. मी खरे सांगते, क्षणभर माझे भान हरपले. काळे चामडे, चांदीचा सिंह, वाटले आपण घरी आलो! मग मी सिंहाकडे नीट पाहिले. माझ्या सिंहाची आयाळ उजवीकडे जरा चेपलेली होती. हा सिंह भलत्याच घरचा होता. पण डॉक्टरांचे डोळे भरून आले होते. सांगता आले असते तरी मी सांगितले नसते.

ताईंनी ते डोळे पाहिले. मग म्हणाल्या, "न्या तुम्ही. इथे खिळ्यावर ठेवली तर पुन्हा माशी येणार. तुमच्याकडे तिची आबाळ तरी होणार नाही. पुढच्या आठवड्यात या, आणि पेटी घेऊन या."

आबा खिडकीबाहेर पाण्याकडे बघत राहिले.

ठरल्या दिवशी डॉक्टर पहिल्याच लाँचने आले. हातात निळ्या मखमलीची पेटी. त्यांच्या पत्नीही यायच्या होत्या. आबांसाठी त्यांनी लोकरीचा स्वेटर विणला होता आणि एक बाही जोडायची राहिली होती. "तुम्ही व्हा पुढे, मी पुढच्या फेरीला येते," असे त्या म्हणाल्या होत्या. मोबाइल कोणाच्या खिशात आले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट आहे.

ताई लाँच घेऊन परत पलीकडे गेल्या. डॉक्टरांनी हातमोजे घालून मला पेटीत निजवले आणि झाकण लावले. मखमल मऊ होती. अंधारात मी मनाशी म्हटले, चला, आता आराम.

आणि बाहेर धुके उतरले. समुद्राकडून आले ते भिंतीसारखे. पलीकडचा काठ गेला, नदी गेली, धक्क्याचे टोकही दिसेनासे झाले. आबांनी भोंग्याचे बटण दाबले. काही नाही. पुन्हा दाबले. वीज गेली होती.

"लाँच निघाली असेल हो!" आबा म्हणाले. "आणि ओहोटी लागलीय."

धक्क्यावर थांबलेली माणसे हाका मारू लागली. पण धुक्यात माणसाची हाक ओल्या कापसासारखी जागीच पडते. पाण्यावर कुठेतरी लाँचच्या इंजिनाची धडधड ऐकू येत होती. मग ती खडकांच्या बाजूने येऊ लागली. मग ती थांबलीच.

आबांनी डॉक्टरांच्या हातातली पेटी ओढून उघडली आणि मला तोंडात धरले. पण त्यांच्या छातीत वाराच नव्हता. एक किरटा सूर निघाला आणि खोकल्यात बुडाला. त्यांनी मला डॉक्टरांपुढे धरले.

"फुंका!"

"मी? मला... तिला तोंड..."

"तुमची बायको आहे त्या लाँचवर! फुंका!"

डॉक्टरांनी मला ओठांत धरले आणि जीव खाऊन फुंकले. नुसती हवा आणि थुंकी. एक धिप्पाड हमाल धावत आला. "द्या इकडे, तुमचं काम नव्हे ते." त्याने गाल फुगवून अशी फुंकर मारली, की माझ्यातून फक्त फुस्स निघाले. त्याने आणखी जोर केला. आणखी फुस्स. मला भीती वाटली, मित्रांनो. आयुष्यात पहिल्यांदा वाटले की आपला आवाज गेला.

"थांबा, थांबा," डॉक्टर म्हणाले. त्यांनी हातमोजे काढून फेकून दिले. उघड्या बोटांनी माझे तोंड चाचपले. ती फट त्यांच्या ओळखीची होती. आरसा घालून त्यांनी ती तासन्‌तास पाहिली होती. "हिची फट बारीक आहे. हिला जोर नको." त्यांनी मला जरासे तिरपे धरले आणि दिव्याची ज्योत नुसती हलावी, विझू नये, इतक्या बेताने फुंकर घातली.

आणि मी बोलले!

काय सांगू तुम्हाला! तोच सूर, सरळ आणि तीक्ष्ण. तो धुक्याच्या भिंतीतून सुईसारखा आरपार गेला. "एक लांब, दोन आखूड," आबा खोकता खोकता सांगत होते, आणि डॉक्टर फुंकत होते. लांब. आखूड, आखूड. त्यांचे ओठ सुजले, पण त्यांनी मला सोडले नाही.

लाँचवर काय चालले होते, ते ताईंनी नंतर सांगितले. खडकांवर फुटणारे पाणी त्यांना डावीकडे ऐकू येत होते, पण धक्का कुठे, तेच उमगत नव्हते. म्हणून त्यांनी इंजिन बंद केले आणि सगळ्यांना दरडावून गप्प बसवले. त्यात शाळेला निघालेली मुले होती, भाजीच्या टोपल्या घेतलेल्या बाया होत्या. लाँच वाहत चालली होती. तेवढ्यात पाठीमागून मी ऐकू आले. पाठीमागून! म्हणजे लाँचचे तोंड समुद्राकडे झाले होते. ताईंनी इंजिन सुरू केले, चाक गरकन फिरवले, आणि मधून मधून थांबून, कान देऊन, त्या माझ्या आवाजाच्या दोरीला धरून आल्या.

धुक्यातून लाँचचे नाक बाहेर आले, तेव्हा धक्क्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे दोर धरायला धावले. मुले उतरली, बाया उतरल्या. सगळ्यांत शेवटी डॉक्टरांच्या पत्नी उतरल्या, स्वेटर छातीशी धरून. त्यांनी नवऱ्याकडे पाहिले.

"अहो, ओठांना काय झालं तुमच्या?" आणि मग त्यांना माझा आवाज आठवला. "तुम्ही वाजवत होतात? तोंड लावून?"

डॉक्टरांनी मान डोलावली. बाई मटकन बाकावर बसल्या आणि रडता रडता हसू लागल्या.

ताईंनी खाली पडलेली पेटी उचलून, पुसून डॉक्टरांपुढे धरली. "घ्या, डॉक्टर. मी शब्द दिलाय."

डॉक्टरांनी मला आपल्या रुमालाने कोरडे केले. माझ्याकडे एकदा पाहिले, आणि मला ताईंच्या तळहातावर ठेवले.

"तुमचा शब्द मी तुम्हाला परत देतो, ताई. ही कपाटातली वस्तू नव्हे. हिला अजून नोकरी आहे."

"आणि तुमचा पट्टा अर्धवट राहील त्याचं काय?" आबांनी विचारले.

"राहू दे की. मीही दातांचा डॉक्टर असून दोन दाढा गमावून बसलोय. माझं कुठं अडलंय?"

तेव्हापासून, मित्रांनो, मी पुन्हा कामावर आहे. वीज गेल्यावर तर मला बोलावतातच, पण ताई म्हणतात, दाट धुक्यात दोघेही हवेत. भोंगा सांगतो 'सावध', आणि मी सांगते 'इकडे'. डॉक्टर वर्षातून एकदा आरसा घेऊन माझी तपासणी करायला येत. वाजवून झाल्यावर मला कोरडे पुसायचे, मऊ कापडाच्या पिशवीत ठेवायचे आणि राखेचा हात लावायचा नाही, असे त्यांनी ताईंना बजावून ठेवले होते. वयोमानाने त्यांचे येणे थांबले, तेव्हा आरसा घेऊन त्यांची मुलगी येऊ लागली. त्यांच्या घरच्या कपाटात तो पट्टा आणि तो परका सिंह अजून आहेत, असे ती सांगते.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखे कोणीतरी असेल. माळ्यावर, खिळ्यावर, खणाच्या तळाशी. त्याला उगीच घासूनपुसून नवे करायला जाऊ नका. त्याचा चेहरा पुसला जाईल. फेकूनही देऊ नका. आधी हलक्या हाताने त्याच्या तोंडातला चिखल काढा आणि विचारा, "तू काय करत होतास? अजून करशील?" काहींना खरेच विश्रांती हवी असते, त्यांना मखमल द्या. पण काहींच्या अंगात अजून काम असते, आणि ते कळायला कधीतरी हातमोजे काढावे लागतात.

आता मला निघायला हवे. समुद्राकडे पांढरे दिसू लागले आहे आणि ताई पिशवीची नाडी सोडत आहेत.